घरच्यांना खरं सांगायचं की गोड खोटं? तोंड उघडण्याआधी एवढं बघा

नोकरी गेलेला भाऊ दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो. आजीचा रिपोर्ट आला की सगळे एका सुरात "थोडं इन्फेक्शन आहे" म्हणतात. वहिनीच्या बिर्याणीला "एक नंबर" म्हणून झाल्यावर लोक घरी येऊन गुपचूप वरणभात लावतात. तिन्ही खोटंच, पण तिन्हीला एकच नियम लावायला गेलात तर फसाल. मला याबाबतीत सेल्फ हेल्पच्या पुस्तकांपेक्षा जुन्या कथा-नाटकांचा जास्त उपयोग झाला, कारण तिथे खरं सांगून टाकल्यावर पुढे त्या घरात काय होतं ते शेवटपर्यंत बघायला मिळतं.

खरं सांगायची खुमखुमी आली की आधी नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचा ग्रेगर्स आठवायचा. 'द वाइल्ड डक', 1884 चं नाटक. ह्याल्मार फोटोग्राफर, त्याची बायको गिना, चौदाव्या वाढदिवसाला टेकलेली मुलगी हेडविग, माळ्यावर ससे, कोंबड्या आणि एक जखमी रानबदक. ह्याल्मार म्हणे मोठा शोध लावणार आहे, प्रत्यक्षात सोफ्यावर लोळतो आणि स्टुडिओ गिनाच चालवते, पण घर हसतखेळत चाललेलं असतं. गिना पूर्वी ग्रेगर्सच्या बापाकडे कामाला होती, तेव्हा त्या दोघांचे संबंध होते, आणि ह्याल्मारला याचा पत्ताच नाही. ग्रेगर्सला हे कळतं आणि त्याच्या डोक्यात येतं की मित्राचा संसार सत्याच्या पायावर उभा राहिला पाहिजे. म्हणून तो ह्याल्मारला लांब फिरायला घेऊन जातो आणि सगळं सांगून टाकतो.

पण इब्सेनने त्याच्याआधी एक बारीकशी गोष्ट ठेवलीय, ती मला सगळ्यात आवडते. ग्रेगर्स त्यांच्याच घरी भाड्याने खोली घेतो आणि म्हणतो माझं मी सगळं करेन, कोणाला त्रास नको. मग शेगडी पेटवायला जातो, धूर बाहेर जायची झडपच बंद करतो, खोलीभर धूर, मग ती विझवायला तोंड धुवायचं सगळं पाणी आत ओततो आणि जमिनीवर चिखल. साफ कोणी करायचं? गिनाने दुसऱ्या बाईला बोलावून ते निस्तरायचं. ग्रेगर्सचं सत्यही अगदी तसंच आहे. सांगून झाल्यावर तो दोघांच्या चेहऱ्यावर काही दिव्य तेज दिसतंय का ते बघायला येतो, आणि तिथे ह्याल्मार पोरीला जवळ येऊ देत नाहीये कारण ही आपली आहे की नाही याचीच त्याला शंका. शेवटी गोळी हेडविग स्वतःवर झाडते. ज्या मुलीने कोणाला काही विचारलंच नव्हतं, तिच्यावर सगळं येऊन पडलं.

म्हणून सांगण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: हे सांगून झाल्यावर पुढचा महिनाभर मी तिथे असणार आहे का? रात्री दोनला फोन आला तर उचलणार का? पैसे, पोरं, दवाखाना यातलं काही अंगावर घेणार का? उत्तर "नाही, पण त्याला कळायला हवं ना" असं आलं तर तुम्हाला फक्त शेगडी पेटवायचीय, आत्ता गप्प बसा. (त्याच नाटकात एक डॉक्टर आहे, रेलिंग, तो म्हणतो सामान्य माणसाला जगायला एखादं खोटं लागतंच. मला तोही पूर्ण पटत नाही. स्वतः पीत बसतो आणि दुसऱ्यांना भ्रमाचे डोस देतो.)

आता उलटी बाजू, आजारपण. आपल्याकडे इथे खोटं जवळजवळ कंपल्सरीच असतं. टॉलस्टॉयची 'इवान इलिचचा मृत्यू' ही 1886 ची छोटी कादंबरी त्यासाठी वाचाच. इवान न्यायखात्यातला मोठा अधिकारी, नव्या घरात पडदे कसे लावायचे ते दाखवायला शिडीवर चढतो, घसरतो, कुशीला मार बसतो आणि तिथून दुखणं वाढत जातं. डॉक्टर किडनी की अपेंडिक्स यावर चर्चा करत बसतात, बायको औषध वेळेवर घेत नाही म्हणून त्यालाच बोलते, आणि सगळे मिळून असं वागतात की तू आजारी आहेस, मरत नाहीयेस. त्याला वेदनेइतकाच त्रास या नाटकाचा होतो कारण त्याला माहीत असतं, आणि त्यांना माहीत आहे हेही माहीत असतं. फक्त गेरासिम नावाचा नोकर पोरगा खोटं बोलत नाही. तो काही मोठं सत्यबित्य सांगायला बसत नाही, इवानचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो कारण तसं धरलं की दुखणं कमी वाटतं, कधीकधी रात्रभर, आणि म्हणतो आपण सगळेच मरणार, मग थोडे कष्ट घेतले तर काय झालं.

माझ्या मामाच्या वेळी आम्ही हेच केलं. "गाठ साधी आहे." एक दिवस त्याने आम्हा सगळ्यांना खाली चहाला पाठवलं आणि वॉर्डबॉयला विचारून घेतलं. आम्ही वर आलो तेव्हा तो शांत होता, आणि आम्ही परत इन्फेक्शनचंच चालू केलं, तर त्याने फक्त कूस बदलली. ते अजून टोचतं.

तर करायचं काय? खोलीत गर्दी नसताना, एकट्याने, खुर्ची जवळ ओढून विचारायचं: "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का, की आत्ता नको?" किती ऐकायचं ते त्यांना ठरवू द्या. "नको" म्हणाले तर दोनतीन दिवसांनी परत विचारा. आणि त्यांनी सरळ विचारलं, "मी बरा होणार ना रे?", तर "अरे काहीतरीच काय" म्हणून पंखा वाढवायला उठू नका. "मलाही भीती वाटतेय" एवढं म्हटलं तरी ते खोटं नसतं.

वेळेचं एक. इंग्रज कादंबरीकार हार्डीची नायिका टेस लग्नाआधी काही दिवस सगळा भूतकाळ पत्रात लिहून होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजलच्या दाराखालून सरकवते, आणि ते पत्र आत गालिच्याखाली जातं. त्याला मिळतच नाही. तिला कळतं तेव्हा लग्न तोंडावर आलेलं असतं. लग्नाच्या रात्री तो आधी स्वतःची चूक सांगतो, ती माफ करते, मग ती सांगते आणि हा निघतो ब्राझीलला. दोष एंजलचाच, पण आपल्यापुरता धडा असा की महत्त्वाचं तोंडाने आणि समोरासमोर सांगा, निळी टिक दिसली म्हणजे पोचलं असं नसतं. साखरपुड्याच्या आधी, हॉल बुक व्हायच्या आधी, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची जागा राहील.

आणि गोड खोटं चालतं ते कधी? ओ. हेन्रीची शेवटच्या पानाची गोष्ट बऱ्याच जणांनी शाळेत वाचलीय. न्यूमोनियाने पडलेली जॉन्सी खिडकीतून वेलीची पानं मोजते, शेवटचं गळलं की आपणही जाणार. त्याच इमारतीतला म्हातारा चित्रकार बेहरमन वादळी रात्री शिडी लावून भिंतीवर पान रंगवतो, भिजतो, आणि न्यूमोनियाने तोच जातो. यात दोन गोष्टी बघा. किंमत खोटं बोलणाऱ्याने स्वतः दिली. आणि जॉन्सी धोक्याबाहेर आल्यावर तिची मैत्रीण स्यू तिला खरं सांगते. म्हणजे ते खोटं दोन दिवस तगवण्यापुरतं होतं, जन्मभराचं नव्हतं. तुमचं खोटं उद्या त्या माणसाला हसत सांगता येईल का? तो डबा घेऊन निघणारा भाऊ दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यूला जात असेल तर आठवडाभर ठीक, पण घरचे त्याच पगाराच्या भरवशावर फ्लॅटचं टोकन द्यायला निघाले की त्याच संध्याकाळी सांगायचं.

बिर्याणीचं मी शेवटी ट्राय केलं. सगळे गेल्यावर ओट्यापाशी भांडी आवरताना वहिनीला म्हटलं, तांदूळ जरा जास्तच शिजलाय का? त्या म्हणाल्या, "माहितीये हो भावजी, तुमच्या दादांना मऊच लागतो."