माध्यमिक शाळेचे ड्रम पथक: शिकवण्याची रीत आणि मुलांचा विश्वास

मराठवाड्यातील बहुतेक माध्यमिक शाळांत ड्रम पथकाची जुळवाजुळव जूनच्या मध्यावर, शाळा उघडल्यानंतर सुरू होते. समोर पंधरा ऑगस्ट असतो, महिन्याभरात सतरा सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन येतो आणि दिवाळीनंतर पाहता पाहता सव्वीस जानेवारी येऊन ठेपते. आधीच्या वर्षीची दहावीची मुले निघून गेलेली असतात. हाताशी आठवी-नववीची नवी मुले, पाने (वाजवायचे पडदे) सैल पडलेले काही साइड ड्रम, एखादा बास ड्रम आणि झांजांची जोडी एवढाच ऐवज असतो. अशा घाईत क्रीडाशिक्षक शिट्टी आणि आवाज यांच्या बळावर पथक उभे करू पाहतो, आणि तसे ते उभे राहतेही; परंतु शिक्षक समोर असेपर्यंतच ते एका लयीत वाजते. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांचा विश्वास सवलती देऊन किंवा त्यांच्या भाषेत गप्पा मारून मिळत नाही. सरांनी आपला हात नीट ऐकला आहे आणि आपल्याला नेमके काय जमत नाही हे त्यांना कळले आहे, अशी खात्री पटली की तो आपोआप मिळतो. शिकवण्याची पद्धत निवडताना हीच कसोटी लावावी.

पहिले दोन आठवडे ड्रम कपाटातच राहू द्यावेत. मुले हिरमुसतात, पण त्याला इलाज नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा फळीवर ताणून ठोकला की सरावाची पाटी तयार होते आणि काठी तिच्यावरून बऱ्यापैकी उसळी घेते. आवाज कमी असल्यामुळे शेजारच्या वर्गांना त्रास होत नाही हा फायदा आहेच. मोठा फायदा असा, की शिक्षकाला एकेका मुलाचा हात वेगळा ऐकू येतो. दहा-बारा ड्रम एकदम गरजत असताना कोणाचा डावा हात मागे राहतो हे अनुभवी कानालाही सांगता येत नाही, आणि जे ऐकूच आले नाही ते दुरुस्त करता येत नाही.

काठी धरण्यापासून सुरुवात करावी. काठीच्या मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनी यांची पकड असावी आणि बाकीची बोटे सैल राहावीत. नवशिका मुलगा काठी आवळून धरतो, त्यामुळे तिची उसळी मरते, मनगट थकते आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात. डावा हात उलटा धरण्याची जुनी लष्करी पकड अनेक शाळांत आग्रहाने शिकवली जाते. ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याने मांडीजवळ तिरका लटकत असे, म्हणून ती पकड आली. ड्रम कमरेसमोर सपाट बसत असेल, तर दोन्ही हातांची पकड सारखीच ठेवावी. नव्या मुलाला ती लवकर साधते. आवाजाचा लहानमोठेपणा मुख्यतः काठी किती उंचीवरून येते यावर ठरतो, म्हणून ‘जोरात वाजवा’ असे सांगण्यापेक्षा सर्वांच्या काठ्या एकाच उंचीपर्यंत उचलल्या जातात की नाही हे पाहावे.

त्यानंतर पढंत. आपल्याकडे तबला आणि पखवाज यांचे शिक्षण बोल तोंडाने म्हणण्यापासून सुरू होते, आणि परदेशी ड्रमसाठीही हीच रीत उत्तम चालते. अमेरिकेतील ड्रमवादकांच्या संघटनेने १९३३ मध्ये ड्रमवरील आघातांच्या २६ मूलभूत प्रकारांची यादी ठरवली होती आणि पुढे ती ४०पर्यंत वाढली. शालेय पथकाला पहिल्या वर्षी त्यांतील चार प्रकार पुरतात. एकेरी आघात, दुहेरी आघात, मुख्य आघाताच्या अगदी आधी हलकासा स्पर्श असलेला फ्लॅम आणि पॅराडिडल हे ते चार. पॅराडिडल म्हणजे ‘उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा’. मुलांनी आधी हे बोल टाळीवर म्हणावेत, मग मांडीवर वाजवावेत आणि शेवटी काठी हातात घ्यावी. मिनिटाला ६० मात्रांची लय मोबाइलवरील मेट्रोनोमवर लावून सुरुवात करावी. संचलनाची चाल मिनिटाला सुमारे १२० पावलांची असते. तिथवर पोहोचण्याची घाई जुलैमध्ये करू नये. ज्याला ६०वर हात समान ठेवता येत नाही, त्याचा १२०वरचा गोंधळ केवळ वेगात झाकला जातो.

आता पद्धतींविषयी. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या शिक्षकांना मुस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये मांडलेला अध्यापन शैलींचा पट आठवत असेल. त्याच्या एका टोकाला सर्व निर्णय शिक्षकाचे असलेली आदेश शैली आहे, आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना निर्णय हळूहळू विद्यार्थ्याकडे जातात. परीक्षेपुरता पाठ केलेला हा पट ड्रम पथकात फार कामाला येतो, कारण येथे कोणतीही एकच शैली वर्षभर पुरत नाही. रांग धरणे, एकदम सुरू करणे, एकदम थांबणे, वळणे यांसाठी आदेश शैलीच हवी. ध्वज वर चढत असताना मुलांचे मत विचारण्यात अर्थ नसतो. परंतु आपल्या शाळांत जूनपासून जानेवारीपर्यंत तीच एक शैली चालते, आणि मुले कान बंद करून केवळ शिक्षकाच्या हाताकडे पाहायला शिकतात.

सर्वांत उपेक्षित राहिलेली आणि माझ्या मते सर्वांत फलदायी शैली परस्पर अध्यापनाची आहे. मुलांच्या जोड्या लावाव्यात. एकाने वाजवावे आणि दुसऱ्याने केवळ एकच गोष्ट पाहावी. आज काठीची उंची, उद्या डाव्या हाताचा आघात, परवा पायाचा ठेका. पाहणाऱ्याने चांगले किंवा वाईट असा निकाल द्यायचा नाही, दिसले तेवढेच सांगायचे, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्यावा. जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात, अन्यथा एकाच गावचे मित्र एकत्र बसतात आणि नव्या मुलाला कोणी वाली उरत नाही. या काळात शिक्षकाने शक्यतो पाहणाऱ्याशी बोलावे. वाजवणाऱ्याला थेट दुरुस्त केले की पाहणाऱ्याचे काम संपते आणि त्याचे लक्ष उडते. पंधरा ऑगस्ट पार पडल्यानंतर थोडी शोध शैलीही आणावी: प्रत्येक गटाने आठ मात्रांचा एक तुकडा स्वतः बांधून आणावा आणि त्यांतील एखादा सतरा सप्टेंबरच्या संचलनात खरोखर वाजावा. आपला तुकडा पथकाने वाजवला, हे मुले विसरत नाहीत.

दुरुस्ती करताना शब्द जपून वापरावेत. ‘पुन्हा वाजवा’ एवढ्याने मुलाला काहीच कळत नाही. चूक कोठे झाली हे ठाऊक नसल्यामुळे तो तीच चूक अधिक जोरात करतो. आधी संपूर्ण रांगेला सांगावे, मग मुलाच्या शेजारी उभे राहून हळू आवाजात सांगावे: तिसऱ्या मात्रेवर डावा हात उशिरा येतो, काठी तेवढी आधी उचल. या वयात सवंगड्यांसमोर हसे होण्याची भीती शिक्षेच्या भीतीपेक्षा मोठी असते. एखाद्या दिवशी मुलगा स्वतःहून येऊन ‘सर, माझा डावा हात मागं पडायलाय का?’ असे विचारतो, तेव्हा शिकवणे मार्गी लागले असे समजावे. शाबासकीही अशीच नेमकी असावी. सर्वांना सारखेच ‘छान’ म्हटले की त्या शब्दाला किंमत राहत नाही.

आपल्या भागातील मुले रिकाम्या कानाने येत नाहीत, हे विशेष ध्यानात ठेवावे. पैठण परिसरातील एखाद्या मुलाने लहानपणापासून हरिपाठात पखवाज ऐकलेला असतो, तुळजापूरकडील मुलाला गोंधळातील संबळ परिचित असतो, आणि कोणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हलगी असते. शेवटच्या मुलाच्या बाबतीत शिक्षकाने फार सांभाळून वागावे. गावगाड्यात हलगी वाजवणे हे मातंग आणि इतर दलित समाजांवर लादलेले काम होते, आणि त्याची बोच अनेक घरांत अजून ताजी आहे. ‘तुझ्या तर रक्तातच आहे’ हे वाक्य कौतुक म्हणून उच्चारले जाते. मुलाच्या कानी त्यातून त्याची जात पडते, आणि त्याची मेहनतही पुसली जाते. त्याने स्वतःहून सांगितले आणि वाजवून दाखवले, तर हलगीचा एखादा ठेका साइड ड्रमवर बसवण्याचे काम त्याला अवश्य द्यावे. न सांगितल्यास विषय काढू नये.

मुलींच्या बाबतीत सोयीस्कर समजुती चालतात. बास ड्रम जड म्हणून मुलांना, झांज हलकी म्हणून मुलींना, अशी वाटणी न ऐकताच होते. पट्टा दोन्ही खांद्यांवर नीट बसवला आणि सरावात मध्ये मध्ये ड्रम उतरवू दिला, तर नववीतील बहुतेक मुली बास ड्रम सहज पेलतात. बास ड्रमचा आघात डाव्या पावलावर येतो आणि सारे पथक त्यावर चालते, म्हणून तेथे ताकदीपेक्षा लयीचा पक्केपणा पाहावा. शाळा सुटल्यानंतरचा सराव एसटीचे आणि मुलींसाठीच्या मानव विकास योजनेच्या बसचे वेळापत्रक पाहूनच ठरवावा. बस चुकलेली मुलगी दुसऱ्या दिवशीपासून पथकात येत नाही, कारण घरचे येऊ देत नाहीत. पालकांना वेळ आधीच कळवावी, आणि मोबाइलवरचे सर्व निरोप पालक असलेल्या गटातच टाकावेत. विद्यार्थ्याशी खासगी संदेशांची देवाणघेवाण ठेवू नये.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी येते आणि दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील व लगतच्या भागांतील काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. अशी गैरहजेरी बेशिस्त मानून मुलाचे नाव कापणे हा सरळ अन्याय आहे. प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी सुरुवातीपासून दोन मुले तयार ठेवावीत आणि जाणाऱ्या मुलाला त्याची जागा कायम असल्याचे स्पष्ट सांगावे. काठ्यांची एक जोडी आणि पढंतीचे बोल लिहिलेला कागद त्याच्याबरोबर द्यावा.

शिक्षेविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे: शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. ड्रम गळ्यात अडकवून उन्हात उभे करणे हा ‘सराव’ ठरत नाही. सराव सकाळी प्रार्थनेपूर्वी किंवा सायंकाळी सावलीत घ्यावा आणि पाण्यासाठी ठरलेली सुट्टी असावी.

कानांकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे राहते. जवळजवळ उभे राहून वाजवणाऱ्या ड्रम पथकात ही पातळी सहज गाठली जाते. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे कर्णबोळे स्वस्त असतात. शिक्षकाने आधी स्वतः घालावेत, म्हणजे मुले त्यांना हसणार नाहीत. चार भिंतींच्या सभागृहात पूर्ण ड्रमवर सराव घेऊ नये.

पथकाचा नायक निवडताना सर्वांत वेगवान हात निवडण्याचा मोह होतो. त्याऐवजी परस्पर सरावात दुसऱ्याची चूक शांतपणे सांगू शकणारा आणि लय बिघडल्यावर स्वतः न घाबरणारा विद्यार्थी शोधावा. सव्वीस जानेवारीनंतर दहावीची मुले बोर्डाच्या परीक्षेकडे वळतात, म्हणून नववीतील पुढचा नायक नोव्हेंबरमध्येच निवडून जुन्या नायकाशेजारी उभा करावा. बोल, तुकडे, कोणता ड्रम कोणाकडे होता आणि कोणते पान बदलायचे आहे, हे सारे एका वहीत या दोघांनी लिहावे. ही वही फेब्रुवारीत नव्या नायकाच्या हाती द्यावी आणि जूनमध्ये आठवीच्या मुलांची पहिल्या आठवड्याची पढंत त्यालाच घेऊ द्यावी.