इब्री लोकांस पत्र वाचताना या चुका टाळा

बायबलच्या नव्या करारातलं हे पत्र बरेच जण थेट 11व्या अध्यायात उघडतात. हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे ही विश्वासवीरांची यादी प्रवचनांतून ओळखीची असते ना! पण 10व्या अध्यायाचा शेवट न वाचता ती यादी कळत नाही. पत्र ज्यांना लिहिलं, त्यांची चारचौघांत निंदा झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती. काहींनी एकत्र जमणंही सोडलं होतं. अशा थकलेल्यांना लेखक म्हणतो, धीर धरा. आणि मग विश्वासाचा अध्याय सुरू होतो.

त्यामुळे 11व्या अध्यायात 35व्या वचनाच्या (ओवीच्या) मध्यावर थांबू नका. मेलेले जिवंत परत मिळाले, इथपर्यंत सगळे आनंदाने वाचतात. पुढे मात्र छळ सोसून मेलेले, दगडमार झालेले, करवतीने कापलेले येतात. शेवटी 39वं वचन सांगतं की, देवाने कबूल केलेलं फळ या कुणालाच मिळालं नव्हतं. आजारी माणसाला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ म्हणून सुनवायला हाच अध्याय वापरतात, याचं फार वाईट वाटतं. तो लिहिलाय अशांनाच उभं ठेवण्यासाठी.

यज्ञाचे अध्याय जड जात असतील, तर आधी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा 16वा अध्याय वाचा. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक (मुख्य पुरोहित) पडद्याआडच्या परमपवित्र जागी रक्त घेऊन जाई, आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्ह्याचं, मग लोकांसाठी बकऱ्याचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ख्रिस्ताचं अर्पण एकदाच झालं, हा मुद्दा या पार्श्वभूमीवरच उमगतो. 10:11-12 मध्ये (10व्या अध्यायातली 11-12 वचनं) याजक रोज उभे आहेत, ख्रिस्त बसला आहे. त्याचं अर्पण पुरं झालं आहे. अब्राहामाच्या काळातला राजा आणि याजक मलकीसदेक, त्याच्यापाशी अडलात, तर उत्पत्ती 14 आणि स्तोत्र 110 काढा. जुन्या करारात तो या दोनच ठिकाणी भेटतो.

लेखक प्रेषित पौलच, असं धरून चालू नका. पत्रात नाव नाही, आणि 2:3 मध्ये लेखक म्हणतो की, संदेश प्रभूकडून ऐकणाऱ्यांनी तो आपल्यापर्यंत पोचवला. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानेही लेखक कोण हे देवालाच ठाऊक, असं म्हटलं होतं.

यहुद्यांना हिणवायला तर हे पत्र कधीच वापरू नये. त्याचा सगळा युक्तिवाद इस्राएलच्याच शास्त्रावर उभा आहे.

आणि 13वा अध्याय गाळू नका. देवाची स्तुती, चांगलं करणं, आपल्याजवळचं वाटून देणं, यांनाही तिथे यज्ञच म्हटलंय. परक्यांचा पाहुणचार करा, बंदिवानांची आठवण ठेवा, हेही त्याच पानावर आहे.