ठाण्याहून गाडीने तीन आठवडे: जुन्नर ते हंपी आणि परत

मार्ग आखण्याआधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणून ठाण्याहून सोमवारी निघावं: दोन रात्री जुन्नरला, बुधवारी छत्रपती संभाजीनगर, गुरुवारी वेरूळ आणि देवगिरी, शुक्रवारी अजिंठा. हे जमलं की पुढचे मुक्काम मागेपुढे झाले तरी चालतं.

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे सर्वांत सोयीचे. नाताळात हंपीला खोल्या महाग होतात. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि पौष पौर्णिमेला बदामीजवळ बनशंकरीची जत्रा असते. गर्दी आवडत असेल तरच त्या तारखा धरा, आणि खोली आधी पक्की करा.

मार्ग असा: जुन्नर, संभाजीनगर, तुळजापूर, नळदुर्ग, सोलापूर, विजयपूर, बदामी, होसपेट (हंपीसाठी), बेळगाव, कोल्हापूर, वाई, ठाणे. आसपासचं फिरणं धरून दोन ते अडीच हजार किलोमीटर होतात. गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल तर 160 लिटर इंधन धरा.

दिवसाला 200 ते 250 किलोमीटर पुरे. मॅप चार तास दाखवत असेल तर साडेपाच धरा, कारण गावागावांतले गतिरोधक त्याच्या हिशेबात नसतात. एका गावी किमान दोन रात्री राहा आणि दर आठवड्याला एक दिवस मोकळा ठेवा. तो बहुतेक वेळा कपडे धुण्यात आणि पंक्चर काढण्यात जातो, पण नसला की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

गाडीची सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. दहा दिवस आधी करून 100-200 किलोमीटर चालवा, म्हणजे सैल राहिलेला क्लॅम्प किंवा गळती घरीच कळते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचा झाला असेल किंवा नक्षी 3 मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर बदलूनच निघा. हवा टायर थंड असताना, सकाळीच तपासा. हवा कमी असली की टायरच्या कडा वाकून तापतात. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर भर उन्हात सलग वेगाने चालवताना ते फुटतात ते त्यामुळेच. स्टेपनीतली हवा बघायला बहुतेकजण विसरतात.

फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगतीवर तो चालत नाही, म्हणून खात्यात वेगळी रक्कम ठेवा.

पहिल्या दिवशी माजिवडा साडेपाचच्या आत सोडा. राजनोली, दुर्गाडी, शहाड, मुरबाड हा पट्टा उजाडल्यावर अवजड गाड्यांनी तुंबतो. माळशेज चढताना अडचण नाही. परतीला खंबाटकी किंवा कुठलाही घाट उतरताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात राहा. सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापून जळका वास येतो आणि ब्रेक धरेनासा होतो. अशा वेळी बाजूला थांबून अर्धा तास गार होऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूर फाट्यापर्यंतच जाते. पुढचे चार किलोमीटर बसने. संभाजीनगरहून सातच्या आत निघा. नळदुर्गचे नर-मादी धबधबे पावसाळ्यानंतर आटतात, त्यामुळे फोटो पाहून आशा धरू नका. किल्ल्यातला पाणी महाल आणि बुरूज तेवढेही पुरेसे आहेत. विजयपूरला गोल घुमटाच्या सज्जात, जिथे कुजबुजही पलीकडे ऐकू येते, पहाटेच चढा. शाळांच्या सहली आल्या की सज्जात फक्त किंकाळ्या घुमतात, कुजबुज ऐकू येत नाही. बदामीहून आधी ऐहोळे गाठा आणि परतताना पट्टदकल करा. ऐहोळ्यात जेवणाची सोय तुटपुंजी आहे, डबा बरोबर असू द्या. आतल्या रस्त्यांवर पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

सोलापूर, कोल्हापूर, साताऱ्यात डिसेंबरात उसाचा हंगाम जोरात असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधारात ते समोर आल्यावरच दिसतं. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचा. उशीर झालाच तर वाटेतल्या तालुक्याच्या गावी लॉज बघा.

परत येण्याचा दिवस रविवार ठेवू नका. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी कळंबोली ओलांडलीत तर ऐरोलीमार्गे ठाण्यात उजेडी पोहोचता.