शाळेच्या ग्रंथालयासाठी जुन्या बाजारातून पुस्तकं कशी निवडावीत

जुन्या पुस्तकांच्या बाजारात घालवलेली सुट्टीची सकाळ हा शालेय ग्रंथपालाच्या वाट्याला येणारा फार मोठा आनंद आहे. नवी पुस्तकं यादीवरून मागवली जातात आणि त्यांचा गठ्ठा थेट शाळेत येऊन पडतो. इथं मात्र पुस्तक हातात घेऊन, चाळून, वास घेऊन निवडता येतं. कित्येक वर्षांत पुन्हा छापलीच न गेलेली बालपुस्तकं किंवा मालिकेतला हरवलेला तिसरा भाग बहुतेक वेळा इथंच हाती लागतो. पण घरच्या कपाटासाठी घेणं वेगळं आणि शाळेसाठी घेणं वेगळं. शाळेतलं पुस्तक वर्षभर एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात फिरतं, आणि त्यात कीड असेल तर ती शेजारच्या पुस्तकांनाही लागते. म्हणून भटकंतीची मजा पुरेपूर घ्यावी आणि निवड मात्र कडक ठेवावी.

आदल्या दिवशी दोन याद्या

पहिली यादी मागणीची. मुलांनी विचारलेली आणि ग्रंथालयात न मिळालेली पुस्तकं, मालिकांचे गहाळ भाग, फाटून बाद झालेल्या लोकप्रिय पुस्तकांची नावं, शिक्षकांनी सांगितलेले विषय. प्रत्येक नावापुढे लेखक आणि भाग क्रमांक लिहा. ‘डायनासोर, तिसरीच्या मुलांसाठी, चित्रं मोठी’ अशी नोंदही चालते, कारण बाजारात नेमकं नाव सापडेलच असं नाही. मागणारं मूल कोण हेही कोपऱ्यात लिहून ठेवा, त्याचा उपयोग शेवटी होतो.

दुसरी यादी तुमच्याकडे काय आहे त्याची. सगळी दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, नेता येत नाही. पण कथा, चरित्र, विज्ञान, कोश या विभागांच्या फळ्यांचे फोटो कणे वाचता येतील इतक्या जवळून काढून मोबाइलमध्ये ठेवले की काम भागतं. हे फोटो नसतील तर ‘हे आपल्याकडे आहे का?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी पडतो, आणि दुहेरी प्रती नेमक्या याच शंकेतून घरी येतात.

दोन फळ्यांमधलं अंतर मोजून घ्या. मोठे नकाशासंग्रह आणि चित्रकोश उभे मावत नाहीत, मग आडवे टाकले जातात आणि कोणी त्यांना हात लावत नाही.

पैशांचे दोन भाग करा. दोन तृतीयांश यादीतल्या पुस्तकांसाठी, एक तृतीयांश अचानक सापडणाऱ्यांसाठी. हा दुसरा भाग जरूर ठेवावा. सगळी खरेदी यादीप्रमाणे झाली तर ग्रंथालयात फक्त मुलांना आधीच ठाऊक असलेलीच पुस्तकं येतील.

सोबत काय घ्यावं

एका मोठ्या पिशवीऐवजी दोन मध्यम कापडी पिशव्या. दोनशे पानांचं साधं पुस्तक अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतं, म्हणजे पंचवीस पुस्तकांचे सहा-सात किलो होतात; चित्रांची, गुळगुळीत कागदाची पुस्तकं याहून बरीच जड. दोन्ही हातांत वजन विभागलं तर परतीचा प्रवास सुखाचा होतो. शिवाय एक इंची मऊ ब्रश, लहान टॉर्च, मोजपट्टी, पेन्सिल, नाका-तोंडाचा मास्क, तोंड बंद होणाऱ्या चार-पाच प्लास्टिक पिशव्या, ओला रुमाल आणि पाण्याची बाटली. बाटली पुस्तकांच्या पिशवीत नको.

सकाळीच जा. पिवळ्या दिव्याखाली बुरशीचे डाग, पेन्सिलच्या खुणा आणि कागदाचा खरा रंग कळत नाही.

एका पुस्तकाला दोन मिनिटं

आधी फक्त कणे वाचत एक फेरी मारा, काही उचलू नका. दुसऱ्या फेरीत आवडलेली पुस्तकं बाजूला काढा आणि प्रत्येकाची एका ठरलेल्या क्रमानं तपासणी करा. क्रम ठरलेला असला की मोहात पडून एखादी पायरी गाळली जात नाही.

सुरुवात वासापासून. पुस्तक थोडं उघडा आणि चेहऱ्यापासून वीतभर लांब धरा. जुन्या कागदाचा कोरडा, किंचित गोडसर वास असेल तर काळजी नाही. कुबट, दमट वास आला तर मास्क लावून टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात कण्याजवळचा भाग आणि पुठ्ठ्याची आतली बाजू पाहा. पांढरट, हिरवट किंवा काळी केसाळ बुरशी दिसली, किंवा बोट फिरवल्यावर डाग पसरला, तर पुस्तक कितीही दुर्मीळ असो, खाली ठेवा. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं प्रमाण, ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी वाढते, आणि पावसाळ्यातल्या बंद कपाटात आर्द्रता सहज तेवढी होते. पानांवरचे विखुरलेले तपकिरी ठिपके ही वेगळी गोष्ट. ते जुन्या कागदावर येतातच, कोरडे असतील तर चालवून घेता येतात.

मग कीड. कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा, वेड्यावाकड्या कडांचा दिसला तर ते कसरीचं काम. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं अनेक पानांतून आरपार गेली असतील तर ती भुंग्याच्या अळीनं पाडलेली असतात. अशा वेळी पुस्तक पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. ताजा बारीक भुगा पडला तर अळी अजून आत असू शकते. भोकं जुनी आणि भुगा नसला तर पुस्तक घेता येईल, पण वेगळ्या पिशवीत बंद करूनच. मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवी. तिथल्या आसपासच्या पुस्तकांपासूनही लांब राहा.

आता बांधणी, आणि इथं सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. कण्याच्या वरच्या टोकाकडून डोकावून पाहा. पानांचे लहान लहान दुमडलेले जुडगे दिसले तर पुस्तक शिवलेलं आहे. सुटी पानं सरळ डिंकात बसवलेली दिसली तर फक्त चिकटवलेलं. शिवलेलं पुस्तक पुठ्ठा सैल झाला तरी वर्षानुवर्षं टिकतं आणि दुरुस्तही होतं. चिकटवलेल्या पुस्तकाचा गोंद काळानुसार कडक होतो. ते मधोमध काटकोनाइतकंच उघडा, त्याहून जास्त नाही. करकर आवाज आला किंवा कण्यात पांढरी भेग दिसली तर मुलांच्या हातात एका सत्रात त्याची पानं सुटतील. दोन-तीन सुटी पानं बसवता येतात. कणाच दुभंगला असेल तर नको.

पानं पुरी आहेत का ते पाहताना सगळे क्रमांक वाचत बसू नका. पुस्तकं बहुधा आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या जुडग्यांत, छापली जातात, त्यामुळे चूक झाली तर पूर्ण फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा लागतो. दर सोळा पानांनी क्रमांक नजरेखालून घातला की ती सापडते. पहिली आणि शेवटची चार पानं मात्र एकेक करून पाहा, कारण तीच आधी फाटतात, आणि रहस्यकथेचं शेवटचं पान नसलं तर पुस्तक वायाच. नकाशे, घडीची पानं, उचलायच्या झडपा, उभी राहणारी चित्रं हे सगळं उघडून बघा. शब्दकोड्यांच्या आणि रंगवायच्या पुस्तकांत पेननं काही भरलेलं असेल तर घेऊ नका. पेन्सिलचं पुसता येतं.

गुळगुळीत आर्ट पेपरच्या पुस्तकांना एकदा पाणी लागलं की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. कड लाटांसारखी वाटली तर असं पुस्तक कोणत्याही किमतीला घेऊ नका. कागद पिवळा असणं हा दोष नाही, ठिसूळ असणं आहे. पानाचा कोपरा बोटानं हळूच वाकवून सोडा. तो परत सरळ झाला तर कागदात जीव आहे. कडक वाटला, बारीक तुकडा निघाला तर नाही. कोपरा दुमडून पाहण्याची पद्धतही आहे, पण विकत न घेतलेल्या पुस्तकावर ती करू नये.

शेवटी शिक्के. दुसऱ्या ग्रंथालयाचा शिक्का असेल तर सोबत ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ (नोंदीतून काढून टाकलेलं) असा शिक्का आहे का ते शोधा. नसेल तर पुस्तक तिथून परत न केलेलं किंवा उचललेलं असू शकतं. ते शाळेत आणू नका. धूसर छपाई, तिरके समास, पुसट मुखपृष्ठ आणि प्रकाशनाच्या माहितीचं पानच नाही, अशी बेकायदा छापलेली प्रतही नको. मुलांसमोर ठेवायचं पुस्तक स्वच्छ मार्गानं आलेलं असावं.

माहितीच्या पुस्तकांचं वय

गोष्टी म्हाताऱ्या होत नाहीत. माहितीची पुस्तकं होतात, आणि मुलं छापलेलं खरं मानतात. आवृत्तीचं वर्ष शीर्षकपानाच्या मागे मिळतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दहाच अंकी असेल तर पुस्तक बहुधा २००७ च्या आधीचं, कारण त्या वर्षापासून तेरा अंक आले. वर्ष सापडलं नाही तर मजकुरावरूनच अंदाज घ्या:

- नकाशासंग्रहात दक्षिण सुदान नसेल तर तो जुलै २०११ च्या आधीचा. सोव्हिएत संघ असेल तर १९९१ च्या आधीचा. असा नकाशासंग्रह इतिहासाच्या फळीवर ‘त्या काळचं जग’ म्हणून ठेवता येतो.
- सौरमालेत नऊ ग्रह असतील तर पुस्तक २००६ च्या आधी लिहिलेलं. त्या वर्षी प्लूटोला बटुग्रह ठरवण्यात आलं.
- आवर्त सारणीत निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसॉन ही नावं २०१६ मध्ये आली.
- डायनासोरच्या पुस्तकात पिसांचा उल्लेखच नसेल तर ते बहुधा जुनं. पिसांसारखे तंतू असलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स १९९६ मध्ये चीनमध्ये सापडला, आणि त्यानंतर चित्रं बदलत गेली.

हस्तकला, ओरिगामी, बुद्धिबळ, गणिती कोडी, पक्ष्यांची चित्रं या विषयांना वयाची फारशी अडचण नाही. तिथं बिनधास्त खरेदी करा.

पैसे देताना आणि परतताना

घासाघीस करायची तर एकेका पुस्तकावर नको, सगळा गठ्ठा समोर ठेवून एकदाच करा. बिलावर ‘जुनी पुस्तकं, २२ नग’ इतकंच लिहून घेऊ नका; प्रत्येक शीर्षक आणि किंमत हवी, नाहीतर दाखल करताना किंमतीचा रकाना भरता येत नाही. विक्रेता लिहिण्याच्या तयारीत नसेल तर यादी तुम्ही लिहा आणि त्याची सही घ्या. स्वतःसाठी घेतलेल्या पुस्तकाचं बिल नेहमी वेगळं. आणि स्वतःसाठी एखादं घ्यावंच, हा दिवस तुमचाही आहे.

पिशवीत मोठी पुस्तकं आडवी तळाशी ठेवा, लहान त्यांच्यावर. उभी ठेवायची असतील तर कणा खाली असावा. मोकळी कड खाली राहिली तर पानांचा भार पुठ्ठ्याला ओढतो आणि बांधणी सुटते. संशयास्पद पुस्तकं प्लास्टिक पिशवीत बंद. चहाला बसताना पिशवी जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा. मांडीवर एखादं चाळत बसण्यासारखं सुख नाही, फक्त कप दुसऱ्या बाजूला असू द्या.

फळीवर जाण्याआधी

नवी आलेली जुनी पुस्तकं थेट ग्रंथालयात नेऊ नका. तीन आठवडे वेगळ्या खोलीत, झाकण असलेल्या डब्यात पांढऱ्या कागदावर ठेवा आणि आठवड्यातून एकदा भुगा पडलाय का ते पाहा. पडला असेल तर पुस्तक दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करून उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका. घाईनं उघडली तर हवेतली वाफ थंड कागदावर जमून तो ओला होतो. उन्हात वाळवण्याची सवय मात्र सोडावी. उन्हानं मुखपृष्ठ विटतं, कागद अधिक पिवळा पडतो आणि चिकटवलेल्या कण्याचा गोंद सैल होतो.

धूळ झाडताना पुस्तक घट्ट मिटून धरा आणि वरच्या कडेवरून कण्याकडून बाहेरच्या बाजूला ब्रश फिरवा. उलट फिरवला तर धूळ कण्यात जाते. किमतीचं लेबल हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं सैल करून काढा. रॉकेल, थिनर नको, त्याचे डाग राहतात. सुटलेलं पान बसवायला आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंद पांढऱ्या गोंदाचा पातळ थर पुरतो. दोन्ही बाजूंना मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. जुनी पट्टी आधीच असेल तर ओढून काढण्याच्या फंदात पडू नका, अक्षरं तिच्याबरोबर निघून येतात. पानांत सापडलेल्या टाचण्या आणि क्लिपा काढा, त्या गंजतात.

त्यानंतर नेहमीचं काम: दाखल क्रमांक, बिल क्रमांक, शिक्का, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि कण्यावर तळापासून ठरलेल्या उंचीवर चिठ्ठी. यादीतलं पुस्तक मिळालं असेल तर ते लगेच फळीवर लावू नका. मागणाऱ्या मुलाच्या नावाची चिठ्ठी घालून देवघेवीच्या टेबलामागे आठवडाभर राखून ठेवा आणि वर्गात निरोप पाठवा. आठवड्यात कोणी आलं नाही तर नवी पुस्तकं मांडतो त्या टेबलावर मुखपृष्ठ समोर करून ठेवा.