लांबच्या सफरीसाठी छोटी ट्रॉलर बोट घेताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

खिंडसी किंवा गोसीखुर्दच्या पाण्यावर बोटीची गोडी लागली, की कधीतरी कोकण किनाऱ्याने, गोव्यापर्यंत किंवा थेट कोचीपर्यंत स्वतःच्या बोटीतून आठ-पंधरा दिवस हिंडावंसं वाटू लागतं. त्यासाठी 28 ते 36 फुटांची ट्रॉलर धाटणीची बोट ही निवड योग्यच आहे. डिझेल इंजिन, सावकाश चाल, आत झोपायला-रांधायला जागा आणि वेगवान बोटीच्या मानाने फारच कमी इंधन. चुका होतात त्या बोट पारखताना. नागपुरात आपण गाड्या पारखायला शिकलेलो असतो, म्हणून बोटीतही नजर आधी रंगावर, गाद्यांवर आणि हॉर्सपॉवरवर जाते. समुद्रात हिशोब चालतो तो भरल्या वजनाचा, डिझेलचा आणि बिघडलेल्या भागापर्यंत हात पोहोचतो की नाही याचा.

रिकामी बोट पाहून निर्णय घेणे

विकायला काढलेली बोट बहुधा हलकी असते. टाक्या अर्ध्या, सामान उतरवलेलं. 32 फुटी बोटीत सफरीसाठी काय काय चढतं ते मोजा: 700 लिटर डिझेल म्हणजे सुमारे 590 किलो, 400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो, चार माणसं 300 किलो, आणि वर साखळी-नांगर, छोटी होडी, बॅटऱ्या, किराणा, हत्यारं. सगळं धरून दीड टन सहज होतो. एवढ्या वजनाने ही बोट 6 ते 7 सेंटीमीटर खाली बसते. आकडा किरकोळ वाटेल, पण डेकवरचं पाणी बाहेर सोडणारी भोकं आणि बाथरूमच्या पाण्याचे नळ पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर असतील तर ते बुडतात आणि तिथून पाणी आत यायला लागतं. म्हणून टाक्या भरून, माणसं चढवून बोट पाहायला मागा आणि बाहेरून होडीने फेरी मारून प्रत्येक भोक पाण्याच्या किती वर राहिलं ते बघा.

याच चुकीचा जास्त धोकादायक प्रकार म्हणजे मासेमारीची जुनी बोट स्वस्तात घेऊन तिच्यावर केबिन बांधणे. मासेमारीच्या बोटीत बर्फ आणि मासळीचं वजन खाली, खणात असतं. तिची घडणच ते गृहीत धरून झालेली असते. तो खण रिकामा करून वर प्लायवूडच्या खोल्या, सोलर पॅनेल आणि पाण्याची टाकी चढवली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि बोट उलटण्याची भीती खरी होते. स्थिरतेचा हिशोब जहाजबांधणीच्या अभियंत्याकडून करून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊच नका.

हॉर्सपॉवरचा मोह

पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. ती लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 30 फूट असेल तर उत्तर 7.3 नॉट येतं. त्याच्या पुढे बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि डिझेल वेड्यासारखं जळतं. किफायतशीर चाल 6 ते 6.5 नॉट, म्हणजे ताशी साधारण 11-12 किलोमीटर. एवढ्यासाठी सात-आठ टनांच्या बोटीला 20-25 हॉर्सपॉवर पुरते आणि तासाला 5-6 लिटर डिझेल लागतं. समोरून वारा-लाटा आल्या तर हाताशी राखीव ताकद हवी, म्हणून 75 ते 120 हॉर्सपॉवरचं एक इंजिन भरपूर झालं.

दोन-दोन मोठी इंजिनं बसवलेली बोट सहा नॉटवर चालवली तर ती इंजिनं कायम हलक्या भारावर, थंड राहतात. डिझेल इंजिनाला हे मानवत नाही. सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत चकाकतात, रिंगा नीट बसत नाहीत, तेल जळायला लागतं, एक्झॉस्टमध्ये काजळी साठते. आमचं मत एका इंजिनाच्या बाजूने आहे, आणि त्याचं दुसरं कारण कोकणातली जाळी. एकाच इंजिनाचा पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) खाली किलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, आडोशाला असतो. दोन इंजिनांचे पंखे दोन्ही बाजूंना उघडे पडतात, आणि खाडीच्या तोंडाशी लावलेली डोल जाळी आणि सुटून तरंगणारे दोर त्यांनाच आधी सापडतात. दोर पंख्यात गेलाच तर लगेच न्यूट्रल करा, रिव्हर्स टाकू नका. इंजिन बंद करून किल्ली काढा, पाणी उथळ असेल तर नांगर टाका आणि मगच दोर कापायला घ्या. सुटल्यावर शाफ्टचं (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं) कपलिंग आणि जिथे शाफ्ट बोटीबाहेर जातो ती पाण्याची पॅकिंग तपासा, कारण ओढाताणीत शाफ्ट मागे सरकलेला असू शकतो. या पॅकिंगमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं ठीक. बोट उभी असताना थेंब पडायला नको. थेंब अगदी बंद होईपर्यंत नट आवळला तर पॅकिंग तापून शाफ्टला चर पडते.

सकाळच्या शांत पाण्यात चाचणी घेणे

फेब्रुवारी ते मे या काळात कोकणात सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा मंद असतो आणि पाणी तळ्यासारखं. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि दीड-दोन तासांत समुद्राचा नूर पालटतो. विकणारा सकाळी आठची वेळ देतो, तुम्ही दुपारी तीनची मागा. लाटा बाजूने घेऊन बोट थांबवा आणि एक डोल (एका बाजूला कलून, दुसरीकडे जाऊन परत त्याच बाजूला येणं) पूर्ण व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. साडेतीन मीटर रुंदीच्या बोटीला साधारण साडेतीन-चार सेकंद लागावेत. त्याहून बरेच जास्त लागत असतील आणि एका बाजूला कलून बोट क्षणभर तिथेच रेंगाळत असेल, तर वर वजन जास्त आहे.

चाचणी दोन तासांपेक्षा कमी घेऊ नका. इंजिन तुम्ही पोहोचण्याआधी सुरू केलेलं नसावं, हात लावून थंड असल्याची खात्री करा. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ घेतं आणि धूर कोणत्या रंगाचा येतो, हे कागदपत्रांपेक्षा खरं बोलतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी, पांढरा दाट धूर गरम झाल्यावरही राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी. शेवटी पाच-दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाच्या पाटीवर मिनिटाला 2600 फेरे लिहिले असतील आणि ते 2350 वर अडकत असेल, तर आधी तळाला बसलेले शिंपले आणि शेवाळ बघा. तळ स्वच्छ असूनही तेच झालं तर पंख्याची पिच (पात्यांचा पीळ) जास्त आहे. एक इंच पिच कमी केल्याने ढोबळमानाने 150 ते 200 फेरे वाढतात. हे दुरुस्त न करता चालवलं तर इंजिन कायम ओझ्याखाली राहतं.

टाकीच्या तळाशी न बघणे

लांबच्या सफरीत इंजिन बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण घाण डिझेल आहे. टाकीत ओलाव्याने पाणी साठतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा काळा गाळ तळाशी बसतो. तलावात किंवा शांत खाडीत तो तळाशीच राहतो. लाटांत टाकी हिंदकळली की ढवळून निघतो आणि थेट फिल्टरमध्ये जातो. हे होतं ते नेमकं खाडीच्या तोंडावर, जिथे वाळूच्या भरीवर लाटा फुटत असतात आणि इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते.

पारख अशी करा. हातपंपाला नळी लावून ती टाकीच्या अगदी तळापर्यंत सोडा, एक लिटर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि अर्धा तास ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला किंवा काळे कण तरंगले, तर टाकी उघडून धुवावी लागणार. डेकमधून डिझेल भरण्याच्या झाकणाची रबरी रिंगही बघा, बहुतेक पाणी तिथूनच शिरतं. जुन्या बोटींत लोखंडी टाक्या दोन्ही कडांना इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या असतात. त्या गंजल्या तर बदलायला अनेकदा इंजिनच हलवावं लागतं, आणि तो खर्च बोटीच्या भावात धरलेला नसतो. टाकीच्या खाली आणि मागे हात घाला. बोटांना गंजाचे पापुद्रे लागले तर भाव त्या हिशोबाने करा.

फिल्टरची जोडी हवी. पहिला पाणी वेगळं करणारा, 10 मायक्रॉनचा, तळाशी काचेची वाटी असलेला. दुसरा इंजिनावरचा, 2 मायक्रॉनचा. पहिला फिल्टर दुहेरी आणि मध्ये वळवायच्या चावीचा असेल, शिवाय त्यावर व्हॅक्यूम मीटर असेल, तर फारच उत्तम. मीटरचा काटा चढायला लागला की इंजिन न थांबवता दुसऱ्या फिल्टरवर जाता येतं. लाटांत इंजिनाचे फेरे वर-खाली होऊ लागले तर डिझेल चोंदतंय असं समजा. फिल्टर बदलल्यावर हवा काढायला विसरू नका: दुसऱ्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येऊ लागलं की आवळा. पहिल्या फिल्टरचे निदान सहा नग बोटीवर ठेवा.

डिझेलचा हिशोबही इथेच उरकू. मुंबई ते गोवा सुमारे 220 सागरी मैल. 6.2 नॉटने 35-36 तास आणि तासाला 6 लिटर धरले तर 215 लिटर. दोन भरण्यांमध्ये जेवढं लागेल त्याच्या दीडपट वापरता येणारं डिझेल टाकीत हवं, म्हणजे या टप्प्याला 320 लिटर. टाकीच्या तळातलं शेवटचं डिझेल वापरता येत नाही, ते यात धरायचं नाही.

नांगराचा हिशोब चुकवणे

तलावात पाणी चढत-उतरत नाही, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी 4 मीटरच्या जवळपास चढतं-उतरतं. ओहोटीला 4 मीटर खोलीत थांबलात आणि साखळी खोलीच्या पाचपट हवी म्हणून 20 मीटर सोडलीत. भरतीला खोली 8 मीटर होईल, त्यात नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची दीड मीटर, म्हणजे साडेनऊ मीटर. आता 20 मीटर साखळी दुप्पटच उरली आणि नांगर सुटणार. हिशोब असा: खोली, भरतीची वाढ आणि नाळेची उंची यांची बेरीज गुणिले पाच, म्हणजे सुमारे 48 मीटर. वारा असेल तर सातपट. 32 फुटी बोटीला 20 किलोचा चांगला नांगर आणि किमान 60 मीटर साखळी असावी. बोटीबरोबर आलेला नांगर बहुतेक वेळा छोटा असतो.

घरचा कुलर आणि घरची बॅटरी

मे महिन्यात नागपुरात कुलर काम करतो कारण हवा कोरडी असते. कोकणातल्या दमट हवेत तो नुसता चिकचिकाट वाढवतो. रात्री झोप हवी असेल तर वर उघडणाऱ्या खिडक्या, कनात आणि 12 व्होल्टचे पंखे यांवर भर द्या. एसी हवा असेल तर जनरेटर आला, त्याचा आवाज आला आणि त्याचं डिझेल आलं.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी बोटीवर नेऊ नका. डोलण्यात तिचं ॲसिड सांडतं. बंद एजीएम (ॲसिड आतल्या काचेच्या तंतूंत शोषून धरलेली) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या आणि पट्ट्याने घट्ट बांधा. फ्रिज, दिवे, पंखे, यंत्रं मिळून दिवसाला 120 अँपिअर-तास धरले तर शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची असल्याने 240 अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. 400 वॉटचं सोलर चांगल्या उन्हात यातलं बहुतेक सगळं परत भरतं. वायर कथील चढवलेली तांब्याचीच, कारण साधी वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी होऊन तुटते.

बोट कुठे ठेवणार हे नंतर ठरवणे

साडेतीन मीटर रुंदीची बोट नागपूरला आणून ठेवू असं काहीजण धरून चालतात. रस्त्यावर 2.6 मीटरपेक्षा रुंद माल हा खास परवानगीचा विषय आहे, समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर कितीही सरळ असले तरी. म्हणजे बोट किनाऱ्यावरच राहणार आणि तुम्ही महिनोन्‌महिने दूर. जवळपास राहणारा, बोटीवर आठवड्याला चढणारा माणूस ठरवल्याशिवाय बोट घेऊ नका. त्याच्या कामांची यादी लिहून द्या: तळाच्या पंपाचा फ्लोट (तरंगणारा स्विच) हाताने उचलून पंप चालतो का बघणे, समुद्राचं पाणी आत घेणारे सगळे नळ बंद ठेवणे, बॅटरीचा व्होल्टेज टिपणे. जून-जुलै मासेमारीबंदीचे आणि वादळी पावसाचे महिने, तेव्हा बोट पाण्याबाहेर हवी. ती जागा मार्चमध्येच बोला. कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरतात, हौशी बोटीने ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलेलं बरं.

गोड्या पाण्यात राहिलेली बोट समुद्रात नेणार असाल तर गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे बदला. समुद्राला जस्त, मचूळ खाडीला ॲल्युमिनियम, गोड्या पाण्याला मॅग्नेशियम. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि तो काम करणं थांबवतो, मग गंज पंख्यावर आणि शाफ्टवर जातो.

समुद्र नकोच असेल तर केरळात राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 3 चा कोल्लम ते कोट्टापुरम हा 168 किलोमीटरचा टप्पा आहे. तिथे बोटीची उंची महत्त्वाची. वरचं छप्पर आणि डोलकाठी खाली दुमडता येत नसेल तर आधी वाटेतल्या प्रत्येक पुलाखालची मोकळी उंची विचारा.

सर्व्हेआधी पैसे मोकळे करणे

बयाणा देताना लेखी अट घाला: बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे (जाणकाराकडून संपूर्ण तपासणी), इंजिनाच्या तेलाची तपासणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाली तरच उरलेली रक्कम, नाहीतर बयाणा परत. सर्व्हेअर तुम्ही नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. सर्व्हेच्या वेळी स्वतः हजर राहा. प्लास्टिकच्या हातोडीने डेकवर टकटक करत जा: टणक, कोरडा आवाज ठीक, दबका आवाज आला तर आतलं लाकूड भिजलं आहे. स्क्रूने ठोकलेलं सागवानी डेक असेल तर प्रत्येक स्क्रू ही पाण्याला वाट असते. इंजिनावर एक्झॉस्टचा तो कोपरा उघडून दाखवायला सांगा जिथे समुद्राचं पाणी धुरात मिसळतं. तो आतून कुजतो, बाहेरून चकचकीत दिसतो, आणि फुटला तर पाणी सिलिंडरमध्ये जातं. बोट पाण्याबाहेर काढायला विकणारा तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.