कुत्र्या-मांजरांच्या आजारपणाचा खर्च: कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात नाही

घरात प्राणी आहे म्हटल्यावर डॉक्टरचं बिल कधी ना कधी येणारच, पण खूपशी मोठी बिलं आकाशातून पडत नाहीत, आपण आधी काही महिने जे टाळलेलं असतं तेच पुढे व्याजासकट येतं. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर आधी कुठे हात आखडता घ्यायचा नाही ते ठरवा, बाकी ठिकाणी मग खुशाल वाचवा.

पहिला नंबर लसीचा. पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांचं असताना पहिला डोस, मग दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचे, आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. हा शेवटचा डोसच खूप जण सोडतात, दोन झालेत ना मग बास असं वाटतं, पण आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडीज पिल्लाच्या अंगात असतात तोपर्यंत लस नीट काम करतेच असं नाही, त्यामुळे आधीचे डोस वाया गेले असले तरी शेवटचा कामी येतो. पार्वो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला तर अ‍ॅडमिट, सलाईन, रात्रंदिवस लक्ष, आणि एवढं करूनही पिल्लू वाचेल याची खात्री नाही, त्या बिलापुढे लसीचे पैसे काहीच नाहीत. रेबीजचं तर बोलायलाच नको, लक्षणं दिसली की उपाय नाही आणि तो माणसालाही होतो.

पण लसीतही योग्य ठिकाणी पैसे वाचतात बरं का. पिल्लू वर्षाचं झाल्यावरच्या बूस्टरनंतर (म्हणजे पुन्हा दिलेल्या डोसनंतर) कुत्र्यांच्या डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिसच्या लसी साधारण ३ वर्षांतून एकदा दिल्या तरी चालतात, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) मात्र दरवर्षी लागते, आणि रेबीजची कधी ते लसीवर आणि तिथल्या कायद्यावर. त्यामुळे दरवर्षी सगळंच टोचून घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा की यातलं या वर्षी नक्की काय ड्यू आहे. लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा, कार्ड हरवलं की काही लसी पुन्हा घ्यायची वेळ येऊ शकते.

मग जंत, गोचीड, पिसवा. यात कंजूसपणा नको. गोचिडीतून एर्लिकिया, बबेसियासारखे आजार होतात, त्यात रक्ताच्या तपासण्या आणि लांबलेली औषधं आली. आणि कित्येक घरांत प्राण्याची खाज पिसवांची असते आणि माणसं एकामागून एक महागडे शाम्पू बदलत बसतात, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एक मात्र कायम लक्षात ठेवा, कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराचा जीव जाऊ शकतो.

नसबंदीचा खर्च एकदाच होतो. ऑपरेशन न झालेल्या मादीला गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात, बहुतेक वेळा माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत होतो, आणि तेव्हा तेच ऑपरेशन आजारी जनावरावर घाईघाईत, कितीतरी जास्त पैशात करावं लागतं. कोणत्या वयात करायची ते जातीवर आणि आकारावर असतं, मोठ्या जातींत थोडं थांबायला सांगतात, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आता वजन. मला विचाराल तर सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हलकेच बोटं फिरवा, मग स्वतःचा हात टेबलावर सपाट ठेवून हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा. दोन्हीकडे सारखंच लागलं तर वजन ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारखं लागलं तर फार बारीक आहे, तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात, ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं ते सरासरी जवळजवळ २ वर्षं जास्त जगले, आणि सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. म्हणजे खाण्याचाही खर्च कमी आणि औषधांचाही. वाटीने अंदाजे ओतण्यापेक्षा वजनकाट्यावर मोजून द्या, आणि ट्रीट दिवसभराच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, घरातला प्रत्येक जण गुपचूप एकेक देत असेल तर ते आधी बंद करा!

महागडं खाणं म्हणजे चांगलं खाणं असं काही नसतं. पाकिटावर त्या वयासाठी संपूर्ण आणि संतुलित आहार असं लिहिलंय का ते बघा आणि किलोचा भाव न बघता दिवसाला किती पैसे पडतात ते काढा, कारण काही स्वस्त प्रकारचं खाणं जास्त प्रमाणात द्यावं लागतं. निरोगी प्राणी असं खाणं खात असेल तर वरून व्हिटॅमिनच्या बाटल्यांची गरज सहसा नसते.

दातांकडे लक्ष कोणाचंच जात नाही आणि मग एकदम भूल देऊन साफसफाई, दात काढणं असं सगळं निघतं. रोज ब्रश करा, प्राण्यांचीच पेस्ट वापरा, माणसांची नको. सुरुवातीला नुसतं बोट हिरड्यांवरून फिरवा, चार-आठ दिवसांत सवय होते. चघळायला देताना वस्तूवर नख दाबून बघा, नख अजिबात रुतत नसेल तर त्यावर दात तुटू शकतो.

आठवड्यातून एकदा अंगाखांद्यावरून हात फिरवताना कान, डोळे, हिरड्या, पंजे बघून घ्या. हिरडी गुलाबी हवी, बोटाने दाबून सोडली की २ सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. झोपेत श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल तर दाखवा. हे नॉर्मल माहीत असलं की उगाच पळापळ होत नाही आणि खरंच पळायचं असतं तेव्हा वेळही जात नाही.

कुत्र्याने एकदा उलटी केली पण खेळतंय, पाणी पितंय, तर थोडं थांबून बघायला हरकत नाही. पण बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन जोर लावतोय आणि लघवी होत नाहीये तर सकाळपर्यंतही थांबू नका, ते तुंबणं एक-दोन दिवसांतही जीव घेऊ शकतं. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, उपाशी मांजराचं लिव्हर बिघडतं. ससा तर १२ तास खात नसेल तरी इमर्जन्सी समजा. पोट फुगणं, फिट येणं, धाप लागणं, चॉकलेट, द्राक्षं, मनुका किंवा झायलिटॉल (शुगर-फ्री च्युइंगगमसारख्या पदार्थांतला गोडवा) पोटात जाणं, यात दुखणं अंगावर काढणं सगळ्यात महाग पडतं. आणि घरातली गोळी देऊन बघू हा विचार मनातही आणू नका, पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या किडनीची वाट लागते.

आता दवाखान्यात पैशाबद्दल बोलायचं कसं. लाजू नका प्लीज. तपासणी झाली की स्पष्ट सांगा की माझं बजेट एवढं आहे, यातलं आज काय केलंच पाहिजे आणि काय थांबू शकतं? ही टेस्ट केली तर उपचार बदलणार आहेत का? बरेचदा एकाच आजाराला दोन-तीन मार्ग असतात आणि डॉक्टर मधला मार्ग सुचवतात, फक्त त्यांना कळलं पाहिजे की तुमची अडचण आहे. अंदाजपत्रक लेखी मागा. लांब चालणारं औषध असेल तर जेनेरिक चालेल का विचारा आणि प्रिस्क्रिप्शन लिहून घ्या, म्हणजे दोन-तीन ठिकाणी भाव बघता येतो. व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात किंवा प्राणी संस्थांच्या क्लिनिकमध्ये खर्च अनेकदा कमी येतो, जवळ असेल तर आधीच चौकशी करून ठेवा.

दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहा, नावच प्राण्याचं द्या त्या खात्याला, मग त्याला हात लावावासा वाटत नाही. विमा घ्यायचा असेल तर प्राणी लहान आणि धडधाकट असतानाच बघा, कारण आधीपासून असलेले आजार त्यात सहसा धरत नाहीत, आणि सही करण्याआधी वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर कव्हर सुरू होईपर्यंतचा काळ) किती, वर्षाला जास्तीत जास्त किती देणार आणि दातांचं कव्हर आहे का, हे तीन प्रश्न नक्की विचारून घ्या.