महापालिकेची माहिती दोन भाषांत द्यायचीय? आधी फोन कोण उचलणार ते ठरवा

महापालिका, आरोग्य केंद्र नाहीतर पूरकाळात एखाद्या संस्थेसाठी दोन भाषांत माहिती देण्याचं काम तुमच्याकडं आलं असेल, तर बहुतेक वेळा ते असं येतं – मराठी मजकूर तयार आहे, संध्याकाळी बॅनर छापायला जाणारे, जरा हिंदी करून द्या की. आणि मग हिंदी खाली कोपऱ्यात, ताटात लोणचं वाढल्यासारखी, बारक्या अक्षरात. असं काम न केलेलं बरं, कारण वरचे लोक समजतात की आपण कळवलं आणि खालच्यांना काहीच कळलेलं नसतं.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत यासाठी वेगळी माणसं असतात, लॅटिनो आउटरीच म्हणतात त्याला, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांपर्यंत शहर सरकारची माहिती नेणं आणि तिकडचं म्हणणं ऑफिसात आणणं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. 2020 च्या जनगणनेत तिथं 6 कोटी 21 लाख लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेकडचं मूळ असलेले लोक, मोजले गेले, आणि नंतर जनगणना खात्यानंच तपासणी केली तर जवळजवळ 5 टक्के लोक मोजायचेच राहिलेत असं निघालं. एवढी यंत्रणा असून. त्यात सगळ्या लॅटिनोंना स्पॅनिश चालतं असंही नाही, ब्राझीलचे पोर्तुगीज बोलतात, ग्वाटेमालाच्या डोंगरातनं आलेल्या कितीतरी जणांची घरची भाषा माया कुळातली असते, आणि तिथंच जन्मलेली पोरं इंग्रजीच वाचतात.

आपल्याकडं हेच चित्र जरा वेगळ्या रंगात आहे बगा. कोल्हापूरचंच घ्या, शेजारच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत यूपी, बिहार, ओडिशाची पोरं, बांधकामावर उत्तर कर्नाटकातली कुटुंबं. एमआयडीसी महापालिकेच्या हद्दीबाहेर, पण पोरं बाजाराला, सीपीआर या सरकारी दवाखान्याला, स्टेशनला शहरातच येतात की. तेव्हा 'परप्रांतीय म्हणजे हिंदी' हे आधी डोक्यातनं काढा. ओडिशाचा पोरगा हिंदी बोलतो पण वाचताना अडतो, आणि विजयपूरकडची बाई, तिला हिंदीपेक्षा मोडकीतोडकी मराठी जास्त कळते. म्हणून वस्तीत जाऊन विचारायचं, कुठली भाषा बोलता एवढंच नाही, मोबाईलवर काय वाचता आणि काय ऐकता ते. बऱ्याच ठिकाणी उत्तर व्हॉइस मेसेज असं येईल.

आता फोनचं. नोटीसीच्या खाली नंबर असतो, तो कोण उचलणार? हिंदीत पत्रक काढलं, माणसानं हिंदीत फोन केला आणि पलीकडनं 'मराठीत बोला, काय पायजे?' असं आलं की तो परत कधी फोन करत नाही, शिवाय खोलीतल्या बाकी सगळ्यांना सांगतो की तिकडं फोन करून उपयोग नाही. न्यूयॉर्कमध्ये 311 ला, म्हणजे शहर सरकारच्या माहिती-तक्रारीच्या नंबरला, फोन केला की दुभाषा लाईनवर जोडून देतात. आपल्याला एवढं थाटात करायची गरज नाही, कंट्रोल रूममध्ये प्रत्येक शिफ्टला हिंदी नीट बोलणारा एक आणि कन्नड येणारा एक हाताशी असला तरी लई झालं, आणि कन्नड येणारी माणसं कोल्हापुरात शोधायला लागत नाहीत. नावं आणि वेळा कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. हे होईपर्यंत मजकूर लिहायला घेऊच नका असं माझं मत.

मजकूर लिहिताना मराठी आधी लिहून मग भाषांतर, असं करू नका, दोन्ही शेजारी शेजारी लिहा. उदाहरण पुराचंच घेऊ. 'पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली असून नागरिकांनी सतर्क राहावे.' आपल्याला यातनं सगळं समजतं, राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, 2019 ला 55 फुटांच्या वर गेलेलं पाणी सगळ्यांनी बघितलंय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हटलं की आज्जी सुद्धा गहू वरच्या मजल्यावर न्यायला सांगते. पण मागच्याच महिन्यात गोरखपूरहून आलेल्याला यातलं काय माहीत? त्याला 39 फूट म्हणजे नदीकाठी 39 फूट पाणी उभं आहे असं वाटू शकतं. त्याच्यासाठी असं लिहा:

'पंचगंगा का पानी बढ़ रहा है। सुतारवाडा में रहने वाले आज शाम 6 बजे तक चित्रदुर्ग मठ पहुँचें। आधार कार्ड, दवाई, चार्जर साथ रखें। फोन कीजिए, हिंदी में बात होगी।'

आणि आता मराठी परत बघा, तीही तशीच करावीशी वाटेल, करा. दोन भाषा शेजारी ठेवल्या की आपल्या सरकारी मराठीतलं 'सदर', 'उपरोक्त', 'दक्षता घ्यावी' आपोआप गळून पडतं. हिंदीत 'कल' टाळा, तो काल पण असतो आणि उद्या पण, तारीख आणि वार लिहा. ठिकाणाचं पण तसंच, पाणीपुरवठा बंदच्या बातमीत 'ई वॉर्ड व संलग्न उपनगरे' लिहिलेलं असतं, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ई वॉर्ड कुठं सुरू होतो ते कळणार कसं, त्याला राजारामपुरी, शाहूपुरी, कसबा बावडा अशी नावंच पाहिजेत, जमलं तर जवळचा पेट्रोल पंप, शाळा.

कायद्याचंही थोडं. 2022 च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांचा कारभार मराठीतच करायचाय, त्यामुळं अधिकृत मजकूर मराठी, तो वर, ठळक, यात वाद नको. हिंदी-कन्नड ही लोकांच्या सोयीची माहिती. कुणी आडवं आलं की 'मराठीच्या जागी नाही, मराठीच्या सोबत' एवढं सांगा, वाद वाढवू नका. पण त्याच वेळी घटनेचं कलम 350 ध्यानात ठेवा, तक्रार अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणून हिंदी अर्ज काउंटरवरनं 'मराठीत लिहून आणा' म्हणून परत पाठवायचा नसतो.

छापायच्या आधी एक टेस्ट. प्रिंट घ्या, चहाच्या गाड्यावर जा, शिफ्ट सुटून आलेल्या पोराला वाचायला द्या. 'समझ में आया?' असं विचारू नका, मान सगळेच हलवतात. 'अब आप क्या करेंगे?' विचारा. तो म्हणाला 'ठेकेदार को पूछूंगा' तर मजकुरात अजून काहीतरी कमी आहे.

ठेकेदारावरनं आठवलं, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज गेला की पाच मिनिटांत दोनशे खोल्यांत पोचतो, तेव्हा त्याचा उपयोग करा, पण फक्त त्यांच्यावर अवलंबून राहू नका, सुट्टी द्यावी लागेल असा मेसेज कधीकधी तिथंच अडतो. लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, कचऱ्याच्या टिप्परचा स्पीकर, किराणा दुकान, रिचार्जवाला, हे सगळं धरा. आवाज रेकॉर्ड करताना बातम्यांचा सूर नको, आणि एका क्लिपमध्ये एकच भाषा ठेवा, मराठी संपून हिंदी येईपर्यंत टिप्पर पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

दोन्ही भाषा एकाच वेळी बाहेर पडल्या पाहिजेत. हिंदी दोन तास उशिरा गेली तर मधल्या दोन तासांत फॉरवर्डवाले अर्धवट काहीतरी पसरवून मोकळे होतात. मराठीत दुरुस्ती केली की बाकीच्या भाषांत लगेच करा, फाईलच्या नावात तारीख आणि वेळ टाका म्हणजे जुना मजकूर फिरायचा नाही. आणि पाणी उतरलं, घरी जायला हरकत नाही, पाणी उकळून प्या, हा मेसेज पण सगळ्या भाषांत काढा, तो हमखास फक्त मराठीत निघतो कारण तोवर सगळे दमलेले असतात.